समान वांटणीचें यंत्र

बैलगाडीचा कणा फिरत नाहीं. फिरतात तीं त्याच्या दोन टोकांना बसविलेलीं चाकें. त्यामुळें गाडी वळणावर आली कीं आंतलें चाक सावकाश फिरतें, बाहेरचें भरभर फिरतें, आणि गाडीवानाला त्याचा विचारहि करावा लागत नाहीं. बैल पुढून ओढतात. चाकें नुसतीं मागून येतात. परंतु ज्या दिवशीं माणसानें बैल सोडले आणि चाकांकडूनच गाडी चालवून घेण्याचें मनांत आणलें, त्या दिवशीं एक नवा प्रश्न उभा राहिला. एंजिनाचा जोर दोन चाकांना द्यावयाचा तर तीं एका आंसाला जखडलीं पाहिजेत. आणि जखडलीं तर गाडी वळणार कशी? दोन चाकांमध्यें चार फुटांचें अंतर असलेली गाडी काटकोनांत वळली, तर बाहेरच्या चाकाला आंतल्या चाकापेक्षां सुमारें सव्वासहा फूट अधिक चालावें लागतें. वळण लहान असो वा मोठें, हा फरक तेवढाच राहतो. आंस अखंड असेल तर एखादें चाक रस्त्यावर घांसत गेल्यावांचून गत्यंतर नाहीं.

ह्या अडचणीवर फ्रान्समधील ओनेझिफोर पेकर यानें १८२७ च्या सुमारास तोड काढली. तो मूळचा घड्याळजी. वाफेच्या गाडीसाठीं त्यानें आंस मधोमध विभागला आणि दोन अर्ध्यांच्या मध्यें लहान दातेरी चाकांची जोडणी बसविली. तिलाच डिफरन्शियल म्हणतात. तिचें कार्य समजण्यास पुन्हां बैलगाडीच्या जुवाकडेच पाहावें. जूं मधोमध बांधलेलें असतें. एक बैल थोडा पुढें सरला तर दुसरा तितकाच मागें राहतो; तरीहि ओढ दोघांची सारखीच राहते. डिफरन्शियलमधील मधलें दातेरी चाक म्हणजे असेंच एक फिरतें जूं होय. तें चाकांचा वेग निरनिराळा होऊं देतें, पण फिरविण्याचा जोर मात्र दोघांना समसमान वांटतें. १८७७ सालीं इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथील जेम्स स्टार्ली यानें ही युक्ति पायांनीं चालविण्याच्या तिचाकी सायकलीस लावली, आणि पुढें मोटारगाडी आली तेव्हां ती तिला आयतीच मिळाली.

परंतु ह्या गुणांतच दोष लपलेला आहे. जुवाचा एक बैल ओढीनासा झाला तर दुसऱ्याचें बळ फुकट जातें. मोटारीचें एक चाक घट्ट जमिनीवर आहे आणि दुसरें निसरड्या चिखलांत आहे, अशी कल्पना करावी. चिखलांतलें चाक जवळजवळ कांहींच जोर घेऊं शकत नाहीं. तें नुसतें गरगर फिरूं लागतें. एंजिनाचा सर्व जोर त्या फिरणाऱ्या चाकाकडे जातो, असें सामान्यतः बोललें जातें. तें बरोबर नव्हे. वांटणी तेव्हांहि समानच असते. दुबळ्या चाकाला जेवढें पेलतें तेवढेंच सबळ चाकाच्याहि वांट्यास येतें, आणि तेवढ्यानें गाडी हलत नाहीं.

उपाय म्हणून पुढच्या चाकांनाहि जोर देण्याचे प्रयत्न झाले. इंग्लंडमधील ब्रॅमा डिप्लॉक यानें १८९३ सालीं वाफेच्या ओढगाडीसाठीं अशा रचनेचें पेटंट घेतलें. १९०३ सालची हॉलंडमधील स्पायकर ही पेट्रोलवर चालणारी पहिली चौचाकी जोराची मोटार मानली जाते. ह्यांत अवघड भाग पुढच्या चाकांचा. कारण त्यांनीं फिरलेंहि पाहिजे आणि वळलेंहि पाहिजे. अमेरिकेंत विस्कॉन्सिन प्रांतांतील ऑटो झाचो आणि विल्यम बेसरडिक ह्या मेहुण्यांनीं तो सांधा साधून १९०८ सालीं पेटंट मिळविलें. पहिल्या महायुद्धांत त्यांच्या पद्धतीच्या हजारों मालमोटारी युरोपच्या चिखलांतून दारूगोळा वाहत होत्या.

दुसऱ्या महायुद्धानें हें यंत्र जगभर पोंचविलें. १९४० सालीं अमेरिकन सैन्याला हलक्या गाडीची निकड भासली, आणि बँटम कंपनीनें अवघ्या ४९ दिवसांत नमुना तयार करून दिला. विलिस व फोर्ड यांनीं पुढें ज्या लाखों गाड्या बांधल्या त्या जीप नांवानें प्रसिद्ध झाल्या. मुंबईच्या महिंद्र कंपनीनें १९४७ नंतर विलिस जीपांची जोडणी हातीं घेतली, आणि कोंकणच्या लाल चिखलाशीं व देशावरच्या काळ्या मातीशीं ह्या यंत्राचा संबंध आला.

जीपमध्यें एका दांड्यानें पुढचा आंस एंजिनाशीं जोडला जाई, आणि दुसऱ्यानें वेग सुमारें निम्मा होऊन जोर जवळजवळ दुप्पट होई. मात्र पुढच्या व मागच्या आंसांमध्यें डिफरन्शियल नव्हतें. वळणावर पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां लांबचा मार्ग काढतात. चिखलांत हा फरक चाकें घसरून भरून निघतो. कोरड्या सडकेवर तो निघत नाहीं, आणि सर्व दांड्यांत पीळ भरतो. म्हणून सडक लागतांच पुढचा आंस सोडावयाचा, हा अशा गाड्यांचा पहिला नियम ठरला. १९७० च्या रेंज रोव्हरनें मधेंहि डिफरन्शियल बसवून चारी चाकें सदैव जोडलेलीं ठेवलीं, आणि गरजेपुरतें त्या डिफरन्शियलला कुलूप घालण्याची सोय केली.

चारी चाकांना जोर मिळाला म्हणजे गाडी कोठेंहि जाईल, हा नवशिक्याचा समज मात्र धोक्याचा आहे. खांचखळग्यांत पुढचें एक आणि त्याच्या तिरकस समोरचें मागचें एक, अशीं दोन चाकें अधांतरीं लोंबकळलीं, कीं दोन्ही आंसांवरील समान वांटणी पुन्हां आड येते आणि गाडी जागींच थांबते. अशा वेळीं आंसाचें डिफरन्शियल कुलूपबंद करण्याची सोय असेल तरच सबळ चाकाला आपला पुरा जोर लावतां येतो. आज कित्येक गाड्यांत विद्युत्-यंत्रणा फिरत्या चाकालाच ब्रेक लावून तोच परिणाम साधते. परंतु कुलूप घातलेली गाडी सरळ जाऊं पाहते, वळविणाऱ्या हाताला नीट मानीत नाहीं. घट्ट जमिनीवर किंवा कड्यालगतच्या वळणावर तें तसेंच राहिलें तर तेंच घातक होतें. म्हणून जाणता चालक पुढचा आंस चिखलांत शिरण्यापूर्वीं जोडतो, रुतल्यावर नव्हे. कुलूप सरळ मार्गावर आणि मंद गतीनें वापरतो, आणि संकट सरतांच काढतो. शिवाय चारी चाकांचा जोर पुढें जाण्यास उपयोगी पडतो, थांबण्यास नव्हे. निसरड्या उतारावर अशा गाडीला इतर गाड्यांपेक्षां लौकर थांबतां येत नाहीं. आणि वर सहज चढून गेलेला माणूस हें विसरतो, तेथेंच अपघात होतो.

पेकरनें वळणासाठीं चाकांना स्वातंत्र्य दिलें. पुढच्या पिढ्यांनीं चिखलासाठीं तें परत घेण्याची सोय केली. दोन्ही शोध आपापल्या जागीं खरे आहेत. कोणत्या जमिनीवर कोणता उपयोगी, हें ओळखण्याचें काम मात्र दांड्यावर हात ठेवणाऱ्या माणसाकडेच उरलें आहे.