इमूचं अंडं

इमूची मादी ओरडत नाही, घुमते. गळ्यात एक पिशवी असते, ती फुगवून आतल्या आत आवाज काढते. लांबच्या वस्तीवर कुणी ढोलाला हळूच थाप देतंय असं वाटतं. २०११ च्या थंडीत हा आवाज पहिल्यांदा कानावर आला तेव्हा मी बॅटरी घेऊन शेडकडं पळालो. पाठीमागून मंडळी म्हणाली, "पैसं बोलाय लागलं वाटतं तुमचं."

मी एसटीत कंडक्टर. २०१० ला रिटायर झालो. फंड आणि ग्रॅच्युइटी हातात पडली आणि त्यातले अडीच लाख मी सांगोला तालुक्यातल्या आमच्या कोरडवाहू तुकड्यावर इमूंच्या पायी घातले. दहा पिल्लं म्हणजे एक 'युनिट'. पिल्लांचे एक लाख साठ हजार, बाकीचे जाळी, लोखंडी खांब आणि पत्र्याचं शेड यांत गेले. पिल्लांच्या अंगावर खारीसारखे पट्टे. ते तीन-चार महिन्यांत जातात आणि मग राखी झिपऱ्यांचा, तीन बोटांच्या पायांचा, माणसाकडं खालून-वरून बघणारा एक उंच पक्षी उभा राहतो. तो कुणाचाच वाटत नाही. कोंबडीचाही नाही, शेळीचाही नाही.

कंपनीचा पोरगा पांढरा शर्ट घालून मोटरसायकलवर आला होता. मेव्हण्यानंच आणला होता त्याला. म्हणाला, "नाना, ह्यात डोकं लावायचं काय? पक्षी वाढवायचा, अंडं आम्हाला द्यायचं, चेक घ्यायचा." शंभराच्या स्टॅम्पपेपरवर करार झाला. फलित अंड्याला एक हजार रुपये, खरेदीची हमी कंपनीची. चहाचा कप ठेवताना आमच्या मंडळीनं एकच विचारलं, "पर ह्येला खातंय कोण?" पोरगा हसला. तेल निघतं म्हणाला, सांधेदुखीवर. चरबीचं तेल, मटण, कातडं, पिसं, नखं, काही म्हणता काही वाया जात नाही. मी बायकोला आत जायला सांगितलं.

वास्तविक असल्या गोष्टींना हसणारा माणूस मी. नव्वदच्या दशकात आमच्या डेपोतल्या काहीजणांनी सागाच्या कंपन्यांत पैसे घातले होते. कुठल्या तरी डोंगरावर तुमच्या नावाची झाडं, वीस वर्षांनी लाखो रुपये, असा तो मामला. सरकारी जंगलात साग साठ-सत्तर वर्षं उभा राहतो तेव्हा कुठं कापायला येतो, हे माहीत असूनही लोकांनी पैसे दिले. त्या कंपन्या बसल्या आणि मग १९९९ मध्ये सेबीनं सामूहिक गुंतवणुकीचे नियम आणले. मी तेव्हा कँटीनमध्ये बसून त्यांची टिंगल करायचो. झाड डोळ्यांना दिसत नाही तर पैसे देता कशाला, म्हणायचो. इमू डोळ्यांना दिसत होता. माझी शहाणपणाची धाव एवढीच.

पैसे बुडाल्यावर मी या पक्ष्याचं मूळ शोधायला लागलो. आधी शोधलं असतं तर, हे वाक्य आमच्या घरात कुणी उच्चारत नाही.

इमू ऑस्ट्रेलियाचा. तिथल्या मूळच्या लोकांना त्याची चरबी दुखण्याला चोळायची माहिती फार जुनी, तेवढं त्या पोरानं खरं सांगितलं. गोऱ्या शेतकऱ्यांना मात्र तो नको होता. १९३२ च्या नोव्हेंबरात पश्चिम ऑस्ट्रेलियात गव्हात शिरणाऱ्या इमूंवर सरकारनं लष्कराच्या दोन लुईस मशीनगन पाठवल्या. पक्षी फुटून दहा दिशांना पळाले, गोळ्या वाया गेल्या आणि तोफखान्याची तुकडी हात हलवत परतली. ज्या पक्ष्याला मारायला त्याच्या स्वतःच्या देशानं फौज धाडली, तोच मी मोजून पैसे देऊन दारात बांधला.

तिथं इमू पाळायचे सुरुवातीचे काही प्रयत्न १९७० च्या दशकात विलुना नावाच्या दूरच्या वाळवंटी गावात झाले. खरा धंदा पेटला तो अमेरिकेत, टेक्सासच्या बाजूला. १९८९ मध्ये तिथं इमूवाल्यांची संघटना निघाली आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पैदाशीच्या एका जोडीला दहा हजारांवर डॉलर मोजणारे लोक होते. हे वाचताना मी थबकलो. जोडीला एवढे पैसे मोजणारा हा गिऱ्हाईक कोण? खाणारा? हॉटेलवाला? तेलवाला? नव्हे. पुढचा इमूवाला. तोही जोडी घेत होता ती तिसऱ्याला पिल्लं विकायला. चौथा मिळेना झाला तेव्हा भाव पडला तो असा, की दशक संपता संपता टेक्सासमध्ये लोकांनी पक्षी रानात सोडून दिले. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात, म्हणजे तिकडं कुंपणं उघडत होती तेव्हा, इकडं आंध्र प्रदेशात इमू येऊन पोचले होते. पुढं तमिळनाडूत आणि आपल्याकडंही.

शहामृगाची गोष्ट वेगळी होती, हेही सांगायला पाहिजे. दक्षिण आफ्रिकेत औट्सहूर्न नावाचं गाव शहामृगाच्या पिसांवर श्रीमंत झालं. १९१३ मध्ये त्या देशाच्या निर्यातीत सोनं, हिरे आणि लोकर यांच्यानंतर पिसांचा नंबर होता. पुढच्याच वर्षी महायुद्ध लागलं, फॅशन फिरली, उघड्या मोटारीत पिसांची टोपी टिकेना, आणि गाव बसलं. पण बसेपर्यंत युरोपातल्या बायका ती पिसं खरोखर डोक्यावर घालत होत्या. शेवटी कुणीतरी वापरणारं होतं. इमूला तेवढीही टोपी मिळाली नाही.

एका दुपारी मी जुन्या वे-बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर हिशोब मांडला. एक जोडी धडपणे वर्षाला वीस अंडी देईल, त्यातली चौदा पिल्लं जगतील धरा. म्हणजे सात जोड्या. माझं युनिट पाच जोड्यांचं, म्हणजे एका हंगामात माझ्यासारखी सात युनिटं तयार. त्या सातांची एकोणपन्नास. त्यांची तीनशे त्रेचाळीस. त्यांची दोन हजार चारशे एक. पक्षी अंड्यावर यायला दोन वर्षं लागतात, म्हणजे आठ वर्षांचा खेळ, आणि यात जुन्या जोड्यांची दरवर्षीची अंडी मी मोजलेलीच नाहीत. आमच्या तालुक्यात गावं शंभराच्या आसपास. गावागणिक चोवीस इमूवाले बसवावे लागले असते, ते एकट्या माझ्या शेडमुळं. हजाराचं अंडं कंपनी हजाराला का घेते, याचं उत्तर तिथं होतं: त्यातून निघालेलं पिल्लू सोळा हजाराला विकता येत होतं म्हणून. गाडी चालली होती मागून चढणाऱ्याच्या तिकिटावर. एकतीस वर्षं तिकिटं फाडलेल्या माणसाला हे कळायला पाठकोरा कागद लागला.

पहिला हंगाम मात्र चोख गेला, आणि घात तिथंच झाला. इमू थंडीत अंडी घालतो. नराची जात अशी की अंड्यांवर तोच बसतो, आठ-आठ आठवडे, दाणापाण्याला न उठता. आम्ही मात्र अंडी लगेच उचलायचो, हॅचरीला द्यायची म्हणून. सकाळी शेडमध्ये गेलं की धुळीत हिरवंगार अंडं. हिरवं म्हणजे आधी फिकट, मग दिवसागणिक गडद होत काळपट. वजन अर्ध्या किलोच्या वर, साल खरबरीत, बारीक दाणे उठलेली. त्या थंडीत एकेचाळीस अंडी झाली आणि कंपनीच्या टेम्पोनं भुशाच्या खोक्यात भरून नेली. एकेचाळीस हजारांचा चेक वटला. मी तो वटलेला चेक इतक्या लोकांना सांगितला, की कंपनीला माझ्याकडं पोरगा पाठवायची गरज उरली नाही.

ऑगस्ट २०१२ मध्ये तमिळनाडूत इरोड जिल्ह्यातल्या पेरुंदुराईची मोठी इमू कंपनी बुडाली. जाहिरातीत सिनेमातले नट होते तिच्या. हजारो लोकांचे पैसे अडकले आणि पक्षी उपाशी मरायला लागले तेव्हा सरकारला खाद्य पुरवावं लागलं. ती बातमी मराठी पेपरात आतल्या पानावर आली. आमची कंपनी वेगळी, आम्ही निश्चिंत. त्या थंडीत टेम्पो आला नाही. फोन आधी वाजायचा, मग बंद लागायला लागला. माद्या घुमत होत्या, अंडी पडत होती, घरात ढीग झाला. एक फोडून मंडळीनं आमलेट केलं. आठ माणसं जेवली आणि त्यातली सहा म्हणाली, बरं लागतंय पण परत नको.

मका आणि पेंडीचा खर्च थांबत नव्हता. मी खाटकाकडं गेलो. तो म्हणाला, "नाना, गिऱ्हाईक इचारतंय का कधी, इमू हाय का म्हणून?" मंडळीनं दोन वर्षांपूर्वी विचारलेलाच प्रश्न, दुसऱ्या बाजूनं. शेजारच्या गावात एकानं रात्री जाळीचं दार उघडून ठेवलं. सकाळी त्याचे पक्षी डांबरी रस्त्यावर एसटीच्या पुढं पळत होते. माझी गाडी असती तर मी तरी काय केलं असतं, डबल बेल दिली असती?

एमपीआयडी नावाचा ठेवीदारांच्या संरक्षणाचा कायदा महाराष्ट्रात १९९९ पासून आहे. अर्ज दिला, जबाब झाले, स्टॅम्पपेपरची झेरॉक्स फाइलला लागली. पुढं २०१९ मध्ये सांगलीकडून सुरू झालेल्या कडकनाथ कोंबड्यांच्या योजनेचा बोभाटा झाला तेव्हा एका ओळखीच्यानं मला त्या योजनेतला करार वाचायला आणून दिला. पिल्लं आम्ही देणार, अंडी आम्हीच घेणार. काळी कोंबडी झाबुआची, तिला भौगोलिक मानांकनही मिळालेलं, आणि निदान ती लोक खातात. पण कागद तोच होता. पक्ष्याचं नाव तेवढं बदललेलं.

अडीच लाखांचं मला आता वाईट वाटत नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. वाटतं. पण त्याहून एक गोष्ट जास्त सलते, आणि ती मी पोलिसांच्या जबाबात सांगितलेली नाही. ओळखीचा गुंतवणूकदार आणला तर कंपनी पाच हजार द्यायची. चेक वटला त्या उन्हाळ्यात मी एकाला आणला. अकरा वर्षं माझ्या गाडीवर ड्रायव्हर होता तो. घाटात ब्रेक गेला तेव्हा डोंगराला गाडी घासून चाळीस माणसं वाचवली होती त्यानं. त्यानं माझ्याकडं बघून पैसे घातले. त्याची पिल्लं अंड्यावर यायच्या आधीच सगळं संपलं. पाच हजार मी घेतले होते. त्यातून शेडला बल्ब आणि वायरिंग केलं.

त्यानं आजपर्यंत विषय काढलेला नाही. दर वर्षी डाळिंबं निघाली की एक पेटी पाठवतो. गेल्या वेळी नातवाला घेऊन स्वतःच आला. शोकेसमध्ये मी एक अंडं ठेवलंय, टोकाला भोक पाडून रिकामं केलेलं, आता जवळजवळ काळं. पोरानं विचारलं, हे काय आहे? मी तोंड उघडायच्या आत ड्रायव्हर म्हणाला, "नानांनी ऑस्ट्रेलियाहून आणलंय." आणि माझ्याकडं न बघता बशीत चहा ओतला.