शालेय विषयांचा मराठी जन्मकाळ

इतिहास, भूगोल, पदार्थविज्ञान, रसायन हीं नांवें आज सुशिक्षित घरांतील प्रत्येक मुलाच्या तोंडीं असतात. वेळापत्रकांत त्यांचे तास असे नेमून दिलेले असतात कीं, हे विषय अनादि कालापासून असेच चालत आले असावेत असें कोणासही वाटावें. वस्तुतः या नांवांस मराठींत आजचा अर्थ प्राप्त होऊन फार तर दोनशें वर्षें झालीं. तो अर्थ कसा आला व पुढें त्याचें काय झालें, हें पाहण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

पेशवाईअखेर आपल्याकडे विद्या नव्हती असें मुळींच नाहीं. पंतोजींच्या शाळेंत मोडी अक्षर व हिशेब चांगले तयार होत. शास्त्र्यांच्या पाठशाळेंत व्याकरण, न्याय, ज्योतिष यांचें अध्ययन कसोशीनें चाले. परंतु हिशेब शिकणारास शास्त्र मिळत नसे, आणि शास्त्र शिकणें तर संस्कृताचा उंबरठा ओलांडावा लागे. एल्फिन्स्टनसाहेब गव्हर्नर असतांना (१८१९-१८२७) मुंबईस शालापुस्तकें तयार करणारी मंडळी निघाली आणि ही स्थिति पालटूं लागली. बापू छत्रे यांचें 'बाळमित्र' १८२८ सालीं आलें, दादोबा पांडुरंगांचें व्याकरण १८३६ सालीं आलें. त्याच दशकांत हरि केशवजींनीं पदार्थविज्ञान संवादरूपानें मराठींत आणिलें. १८४० सालीं बाळशास्त्री जांभेकरांनीं 'दिग्दर्शन' मासिक काढून इतिहास, भूगोल, रसायन, गणित हे विषय एकाच ठिकाणीं वाचकांपुढें मांडिले.

या मंडळींपुढील खरी अडचण शब्दांची होती. 'रसायन' म्हणजे वैद्याचें आयुष्यवर्धक औषध; 'पदार्थ' हा न्यायवैशेषिकांचा तत्त्वविभाग; 'भूगोल' ज्योतिषाच्या ग्रंथांतला. हे जुने शब्द नव्या कामास जुंपले गेले व आज ते इतके अंगवळणीं पडले आहेत कीं, त्यांचा पूर्वार्थ सांगितला तर नवल वाटतें.

येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत धरण्याजोगी आहे. यांपैकीं कित्येक शास्त्रें त्या वेळीं युरोपांतही बाल्यावस्थेंतच होतीं. लायेल यांचा भूगर्भशास्त्रावरील प्रसिद्ध ग्रंथ १८३० ते १८३३ या वर्षांत निघाला. 'एनर्जी' हा इंग्रजी शब्द थॉमस यंग यांनीं शास्त्रीय अर्थानें १८०७ मध्यें योजिला. आणि किती श्रमाची किती उष्णता होते याचें माप जूल यांनीं प्रसिद्ध केलें तें १८४३ सालीं, म्हणजे 'दिग्दर्शन' निघाल्यानंतर. तेव्हां मराठी भाषा त्या काळीं शतकांनीं मागें नव्हती. अंतर थोड्या वर्षांचें होतें.

मग तें वाढलें कां? जांभेकर १८४६ सालीं, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षीं वारले. पुढल्याच वर्षीं मुंबईच्या शिक्षणमंडळांत माध्यमाचा वाद पेटला. अध्यक्ष अर्स्किन पेरी यांचा कल थोड्यांस इंग्रजींतून उत्तम शिक्षण देण्याकडे होता. जर्व्हिस व जगन्नाथ शंकरशेट यांनीं बहुजनांस विद्या द्यावयाची तर ती त्यांच्याच भाषेंतून, असा आग्रह धरिला. १८५४ च्या खलित्यानें दोन्ही पक्षांस थोडथोडें दिलें. पण १८५७ सालीं विद्यापीठ स्थापन झालें आणि उच्च शिक्षण इंग्रजीचें होऊन बसलें.

त्या शिक्षणानें आम्हांस जें दिलें तें आम्ही नाकारीत नाहीं. इंग्रजी विद्येनें जगाचीं दारें उघडलीं. परंतु त्या व्यवहारांत एक तूट आली. सह्याद्रीचा काळा पाषाण घ्या. सुमारें सहा कोटी साठ लक्ष वर्षांपूर्वीं जमिनीच्या भेगांतून लाव्हारस वाहून त्याचे थरावर थर बसले. कोंकणांतील पुष्कळसा जांभा त्याचाच झिजून झालेला. पाथरवटास हा दगड हातानें ठाऊक आहे, आजीस तो जात्यापाट्याच्या रूपानें ठाऊक आहे, आणि नातवास 'बेसाल्ट' या नांवानें ठाऊक आहे. एकाच घरांत हीं तीन ज्ञानें नांदतात, पण त्यांचें एकमेकांशीं बोलणें होत नाहीं. ही आमच्या मतें साधी हानि नव्हे; कारण जें ज्ञान घरांत बोलतां येत नाहीं, तें परीक्षेपुरतें उरतें.

२०२४ सालीं मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा आनंद सर्वांस आहे. तथापि प्राचीनत्वाचा मान पूर्वजांच्या पुण्याईचा असतो. चालू पिढीची पुण्याई निराळी मोजावी लागते. नातवाच्या पुस्तकांतला धडा आजीस मराठींत समजावून सांगतां येतो कीं नाहीं, हें तिचें माप. जांभेकरांस हाताशीं ना कोश पुरेसे होते ना पारिभाषिक शब्द. तरी त्यांनीं तें काम आरंभिलें. आम्हांपाशीं दोन्ही आहेत. उणीव असेल ती उद्योगाची.