तेरा महिन्यांचा उशीर

नांदेड, हिंगोली आणि हदगाव अशा तिन्हीकडचे रस्ते जिथे भेटतात, त्या वारंगा फाट्यावर ‘आज गाडी उशिरा आहे’ हे वाक्य मी कितीतरी वेळा ऐकलंय. पण मंडळी, या भागानं सोसलेला खरा उशीर निराळाच.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. भारतात सामील होण्याचा निर्णय निजाम मीर उस्मान अली खान पुढे ढकलत राहिले. २९ नोव्हेंबरला त्यांनी वर्षभराचा ‘जैसे थे’ करार केला. दरबारानं असा वेळ काढला. खेड्यापाड्यांनी तोच वेळ रझाकारांच्या दहशतीत काढला. लोक मात्र उद्याची वाट पाहत बसले नाहीत. स्वातंत्र्यदिन पाळायला निघालेल्या स्वामी रामानंद तीर्थांना त्याच दिवशी अटक झाली, तरी लढा चालूच राहिला.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरलं आणि १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. वर्षभर रेंगाळलेला प्रश्न पाच दिवसांत सुटला.

चालढकल करतो एक, किंमत मोजतो दुसरा. म्हणून काम उद्यावर टाकताना मी आधी पाहतो, आपल्यासाठी कोण खोळंबलंय?