भावंडांच्या नावांची ओळ आणि लेकीचे नाव

आपल्या ज्ञातीतील एखाद्या घरी पाळणा बांधला गेला की बाराव्या दिवसाच्या आत एक प्रश्न उभा राहतो. थोरल्या मुलांची नावे अमुक अमुक आहेत, तर धाकट्या मुलीस त्यांच्याशी मेळ खाणारे, जुन्या वळणाचे कोणते नाव ठेवावे? संघाच्या कामानिमित्त जालना, अंबड, भोकरदन, परतूर ह्या तालुक्यांतील कुटुंबांत आमचे जाणेयेणे असते, आणि हा प्रश्न आम्हांस वारंवार विचारण्यात येतो. विचारणाऱ्यांची अपेक्षा चार नावे सुचवावीत एवढीच असते. परंतु ह्या प्रश्नामागे आपल्याच गंगथडीतील सातशे वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि तो पाहिल्यावाचून नुसती यादी हाती देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. तिच्याच काठाने थोडे वर गेले म्हणजे पैठण तालुक्यातील आपेगाव लागते. ते विठ्ठलपंत कुलकर्ण्यांचे मूळ गाव. विठ्ठलपंतांनी काशीस जाऊन संन्यास घेतला, आणि पुढे गुरूंच्या आज्ञेवरून ते पुन्हा गृहस्थाश्रमात आले, ही कथा सर्वश्रुत आहे. त्यानंतर त्यांना चार अपत्ये झाली. परंपरेने मानलेल्या सनांप्रमाणे १२७३ साली निवृत्ति, १२७५ साली ज्ञानदेव, १२७७ साली सोपान आणि १२७९ साली मुक्ताबाई. संन्यास सोडून संसारात परतलेल्या पुरुषाने पहिल्या मुलाचे नाव निवृत्ति ठेवावे, ह्यात त्याच्या मनाची केवढी तळमळ साठविलेली आहे! निवृत्तीमागून ज्ञान, ज्ञानामागून सोपान म्हणजे जिना, आणि त्या जिन्याच्या माथ्यावर मुक्ति. चारही नावे मिळून एक वाक्य होते, आणि ते वाक्य पूर्ण करण्याचा मान धाकट्या लेकीस मिळाला आहे. तिचे नाव वगळून पाहावे. जिना राहतो, पण तो कोठे जातो ते कळत नाही. ज्या घरावर समाजाने बहिष्कार टाकला होता, त्या घरी बारशाला किती आत्या आणि मावश्या जमल्या असतील कोण जाणे. पण कानात सांगितलेले नाव मात्र सातशे वर्षे टिकले.

आता आपल्या घरचे उदाहरण. ज्यांच्या नावाने आपण नामदेव शिंपी म्हणवितो ते नामदेव महाराज १२७० सालचे, म्हणजे वयाने निवृत्तिनाथांहूनही थोडे वडील. हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे त्यांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानले जाते. वडील दामाशेटी, आई गोणाई, बहीण आऊबाई, पत्नी राजाई. मुलगे चार : नारा, विठा, गोंदा आणि म्हादा, म्हणजे नारायण, विठ्ठल, गोविंद आणि महादेव. तीन नावे विष्णूची आणि चौथे शंकराचे. वारकऱ्याच्या घरी हरि आणि हर एकाच अंगणात खेळत होते असेच म्हणावे लागेल. ह्या चौघांबरोबरची मुलगी ती लिंबाई. सुना लाडाई, गोडाई, येसाई आणि साखराई. लेक लिंबाच्या नावाची आणि सुना साखरेच्या, हा योग पाहून आम्हांस नेहमी हसू येते!

परंतु हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. मुलांची नावे देवांच्या ओळीने लागली, तशीच ह्या घरातील स्त्रियांची नावे ‘आई’ ह्या शेवटाच्या ओळीने लागली आहेत. गोणाई, राजाई, लिंबाई, लाडाई, गोडाई, येसाई, साखराई. आणि स्वतःस नामयाची दासी म्हणविणारी, गंगाखेडहून आलेली जनाबाई, तीही जनाई झाली. मेळ अर्थाचा असतो, तसा नादाचाही असतो. एका हाकेसरशी सारे घर गोळा व्हावे असा हा नाद आहे. ह्या घरातील स्त्रियांच्या नावावर अभंग सांगितले जातात, म्हणून ही नावे आपणांस ठाऊक तरी आहेत. त्या काळच्या किती घरांतील लेकीसुनांची नावे अशी उरली आहेत?

आणखी एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. तेर येथे गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतांची मडकी पारखली आणि आपल्या नामदेवांस कच्चे ठरविले, त्या कथेत पारख करावयास सुचविणारी मुक्ताईच होती. आपल्या ज्ञातीच्या मूळ पुरुषास गुरु शोधावयास लावणारी ही पोर चार भावंडांतील शेंडेफळ होती, हे तिचे नाव मुलीस ठेवताना आठवावे. पुढेही हे नाव चालत आले. अहिल्याबाई होळकरांच्या मुलाचे नाव मालेराव आणि मुलीचे मुक्ताबाई. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात आपल्या समाजाचे दुःख मांडणारी, जोतीराव फुल्यांच्या शाळेतील विद्यार्थिनी, तीही मुक्ताच.

जुन्या वळणाचे नाव म्हटले की शास्त्राची आठवण निघते. मुलीचे नाव उच्चारावयास सोपे, अर्थाने स्पष्ट, मंगल आणि शेवटी दीर्घ स्वर असलेले असावे, असे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात म्हटले आहे. आणि मुलीच्या नावाची अक्षरे विषम असावीत असे गृह्यसूत्रांचे सांगणे आहे. ‘मुक्ता’ची अक्षरे दोन होतात, पण ‘मुक्ताई’ म्हटले की तीन. लोकांच्या जिभेने शास्त्राची अडचण आपोआप सोडविली! मात्र त्याच मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी ह्यांची नावे असलेली कन्या वरू नये, असाही निर्बंध आहे. तो आपल्या गंगथडीने कधी मानल्याचे दिसत नाही. येथे घरोघर गंगा आणि गोदावरी झाल्या, रोहिणी आणि रेवती झाल्या, मैना झाल्या, आणि खुद्द नामदेवांच्या घरी लिंबाई झाली. त्यांची लग्ने राहिली नाहीत. मराठवाड्यात गोदावरीलाच गंगा म्हणतात, तेव्हा आपली गंगूबाई ही बहुधा काशीची नसून शहागडच्या घाटावरचीच असते.

नद्यांच्या ह्या नावांत एक सुंदर मेळ दडलेला आहे, तो फारसा कोणाच्या ध्यानी येत नाही. भोकरदनकडची गिरिजा पूर्णेला मिळते. जालन्याची कुंडलिका दुधनेला, दुधना पुढे पूर्णेला, आणि पूर्णा शेवटी गोदावरीला मिळते. थोरली गिरिजा, मधली पूर्णा असेल, तर धाकटीचे नाव गोदावरी ठेवावे. आपेगावच्या घरी अर्थाची जी चढण होती, तिच्याऐवजी येथे पाण्याचा उतार आहे. पण दोन्हीकडे शेवटची लेक ही साऱ्यांना पोटात घेणारी ठरते.

परंतु शेवटच्या लेकीच्या वाट्यास सर्वत्र असा मान आलेला नाही. मुले जगत नसत तेव्हा मुलग्यांस दगडू, धोंडू, भिकू अशी नावे ठेवीत. त्यांत पोर जगावे हा नवस होता. मुलींवर मुली झाल्या म्हणून ठेवलेल्या ‘नकुशी’ ह्या नावात तसा नवस नाही. २०११ साली सातारा जिल्ह्यात २८५ मुलींची ही नावे समारंभपूर्वक बदलण्यात आली. म्हणजे एकविसाव्या शतकातही भावंडांच्या ओळीत उभे राहताना ह्या मुलींना प्रत्येक हजेरीस ‘नको असलेली’ म्हणून ‘हजर’ म्हणावे लागत होते. भावंडांशी मेळ घालण्याचा हाही एक प्रकार होय, आणि तो आमच्या मते सर्वांत वाईट.

दुसरा घाव लग्नात बसे. ताटातील तांदळांवर वराने नवे नाव लिहावयाचे, आणि ते बहुधा वराच्या नावास जुळणारे : विठ्ठलाची रुक्मिणी, शंकराची पार्वती, रामाची जानकी. हा मेळही गोडच. पण तो जुळविताना माहेरच्या भावंडांची ओळ तुटे. सोळा-सतरा वर्षे ज्या नावाने भावांनी हाक मारली, ते नाव अक्षतांखाली जाई. सासरच्या वंशावळीत माहेरचे नाव येत नसे, आणि माहेरच्या वंशावळीत मुलींची नावे मुळातच लिहीत नसत.

ज्या पैठणजवळ मुक्ताईचे मूळ गाव, त्याच पैठणच्या सातवाहनांपैकी गौतमीपुत्र सातकर्णी आणि वासिष्ठीपुत्र पुळुमावी आईच्या नावाने ओळखले गेले. ते वळण पुढे लोपले. आता महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात प्रथम मुलाचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम शासकीय कागदपत्रांसाठी ठरविला आहे. आज आपण पाळण्यात ठेवलेले लेकीचे नाव पुढे तिच्या मुलांच्या प्रत्येक दाखल्यावर उमटावयाचे आहे. म्हणून ते घाईने ठेवू नये. जन्माच्या नोंदीत नाव घालावयास बारा महिने विनाशुल्क मुदत असते. नक्षत्रावरून येणारे अक्षर नावरस नावासाठी ठेवावे आणि व्यवहाराच्या नावासाठी थोरल्या भावंडांची नावे मोठ्याने म्हणून पाहावीत. त्यांत देव असेल तर देवी, नदी असेल तर नदी, नाद असेल तर नाद आपोआप सुचतो. थोरल्यांची नावे अगदी नवी असली तरी चिंता नको. ‘मुक्ता’, ‘जनाई’, ‘गिरिजा’ ही नावे नव्या नावांशेजारी अवघडत नाहीत.

ह्या स्मरणिकेसाठी कुटुंबांनी पाठविलेल्या माहितीत ‘दोन मुलगे, तीन मुली’ असा मजकूर पुष्कळ ठिकाणी आढळतो. मुलग्यांची नावे असतात, मुलींची संख्या असते. पुढील वर्षीची माहिती भरताना सर्व भावंडांची नावे जन्मक्रमाने लिहावीत, आणि विवाहित भगिनींची माहेरची नावेही त्याच ओळीत घालावीत. वृद्ध आत्या, मावश्या आणि आज्या घरात आहेत तोवर त्यांस विचारून घ्यावे. कित्येकींचे पाळण्यातले नाव आज त्यांच्याखेरीज दुसऱ्या कोणासही ठाऊक नाही.