मदेरा, मदिरा आणि मोहफुले

मद्याचा इतिहास सांगावयास कामगार चळवळीतल्या माणसाने उभे राहावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. पगाराच्या दिवशी गुत्त्याच्या दारात संसार कसे बुडतात हे आम्ही पाहिले आहे. तेव्हा पिण्याची भलामण करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु कोणत्याही जिनसेच्या इतिहासात ती घडविणारे हात असतात, आणि ती कोणी चाखावी हे ठरविणारी सत्ताही असते. आजचा विषय त्यासाठी निवडला आहे.

मदेरा हे आफ्रिकेच्या वायव्येस अटलांटिक महासागरातले एक डोंगराळ बेट. १४२० च्या सुमारास तेथे पोर्तुगीजांनी वस्ती केली. नाव ऐकून आपल्याला मदिरा आठवते, पण या दोन शब्दांचे काही नाते नाही. पोर्तुगीज भाषेत मदेरा म्हणजे लाकूड. बेटावर त्या काळी दाट अरण्य होते. हिंदुस्थानाकडे येणारी जहाजे तेथे थांबत आणि पाण्याबरोबर द्राक्षाच्या दारूची पिंपेही घेत. विषुववृत्त ओलांडताना जहाजाचे पोट भट्टीसारखे तापे. एरवी अशा उष्णतेने दारू नासते. ही मात्र सुधारली. पूर्वेचा फेरा करून परत गेलेल्या पिंपांना 'फेऱ्याची दारू' म्हणून चढा भाव येऊ लागला. आपली सावित्री जेथे समुद्राला मिळते ते बाणकोट १७५६ साली इंग्रजांकडे गेले. त्याच शतकात हा व्यापार भरास आला होता.

सवच्या गरम पाण्याच्या कुंडात अंग शेकणाऱ्यांना उष्णतेचा गुण निराळा सांगावयास नको. मदेराच्या लोकांनी तो गुण घरीच साधण्याची युक्ती काढली. भारी माल पिंपांत भरून उन्हाने तापणाऱ्या माळ्यावर वर्षानुवर्षे ठेवावयाचा. हलका माल तीन महिने ४५ ते ५० अंश उष्णतेत राखावयाचा. माल्वाझिया जातीच्या द्राक्षांचा रस पुरता आंबण्यापूर्वीच त्यात द्राक्षांचा कडक अर्क घालतात. आंबणे थांबते आणि साखर शिल्लक राहते. उत्तम प्रतीची दारू निदान २० वर्षे पिंपात मुरते.

ही चाखण्याची रीत सावकाशीची आहे. लहान पेला घ्यावयाचा, तोही अर्धाच भरावयाचा. रंग जुन्या मधासारखा. वासात भाजलेला काजू, काकवी, संत्र्याची साल आणि खारीक यांची आठवण. जिभेवर आधी गोडी येते आणि मागून लखलखीत आंबटपणा. या आंबटपणामुळेच ती गोड असून चिकट लागत नाही. सोबतीच्या पदार्थाचा नियमही सोपा आहे: पदार्थ पेयापेक्षा अधिक गोड असू नये, नाहीतर पेय पाणचट व आंबट भासते. इंग्रज तिच्याबरोबर साधा केक खात, म्हणून त्या केकला मदेरा केक हे नाव पडले. अक्रोड आणि खारट जुने चीजही तिला मानवते. आपल्याकडचे म्हणाल तर बेताच्या गोडीची ओल्या नारळाची करंजी, तूप लावलेली पुरणपोळी किंवा गोव्याची बेबिंका यांच्याशी तिचे जमावे. स्निग्धपणाला तो आंबटपणा तोलून धरतो. तिखटाशी मात्र तिची गाठ घालू नये. अर्काच्या जोराने मिरची अधिकच जाळते.

आता हातांकडे पाहू. डोंगरउतारावरचे मळे इतके अवघड, की बकऱ्याच्या कातड्याच्या पखाली पाठीवर घेऊन माणसे तो रस फुंशाल बंदराकडे उतरवीत. लंडन-कलकत्त्याच्या मेजांवर पेले भरत होते, तेव्हा या बेटावरची गरीब माणसे पोटासाठी देश सोडीत होती. १८३५ साली त्यांतले काही मजूर ब्रिटिश गियानाच्या उसाच्या मळ्यांवर गेले. तीन वर्षांनी, १८३८ साली, आपले गिरमिटिये त्याच किनाऱ्यावर उतरले. मदेराचा मजूर आणि हिंदुस्थानचा मजूर एकाच मालकाच्या उसात भेटले.

आणि आपल्या डोंगरांत काय चालले होते? वसंतात पहाटे मोहाची गोड, मांसल फुले झाडाखाली पडतात. कातकरी आणि ठाकूर ती वेचीत, वाळवीत, खात, आणि त्यांची दारूही गाळीत. १८७८ च्या अबकारी कायद्याने गाळण्यावर सरकारचा ताबा आवळला. १८९२ साली मुंबई सरकारने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहफुलांचा खास कायदा केला. फुले जवळ बाळगण्यावर आणि त्यांच्या विक्रीवरही निर्बंध आले. साहेबाच्या मेजावर मदेरा ही अभिरुची ठरली. कातकरणीच्या टोपलीतले फूल मात्र गुन्ह्याचा पुरावा झाले. दोन्हींत मुळात होती ती साखर आणि माणसाची मेहनत. फरक होता तो महसूल कोणाच्या खिशातून काढावयाचा याचा.

२०२१ साली महाराष्ट्र शासनाने मोहफुले गोळा करण्यावरचे व त्यांच्या वाहतुकीवरचे निर्बंध शिथिल केले. हे योग्यच झाले. आता या फुलांपासून भारी पेये निघतील, त्यांच्या सोबतीला कोणता पदार्थ शोभतो याची चर्चाही रंगेल. ती खुशाल रंगावी. आमचे मागणे एवढेच, की किंमत ठरविताना पहाटे उठून फूल वेचणारीची मजुरी आधी लिहावी आणि बाटलीवरची चिठ्ठी मागून छापावी.