डिक्की उघडता का जी?

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. इटियाडोहवरून वडसाला नाटक पाहायला निघालो होतो. गाडी भाच्याची, मागे मी आणि मोठे मामा. रात्री नऊच्या सुमारास जिल्ह्याच्या सीमेजवळ पोलिसांनी बॅटरी दाखवली.

"कुठं चालले जी?"
"नाटकाले."
"डिक्की उघडता का?"

भाच्यानं उतरून उघडली. आत स्टेपनी, एक घोंगडी आणि मामांचा चिवड्याचा डबा. दोन मिनिटांत सुटलो. कोणी उद्धट बोललं नाही, हेही सांगायला हवं. पण पुढे गेल्यावर मामा म्हणाले, "याच्यात नाही म्हटलं असतं तं काय झालं असतं?" भाचा हसला. माझ्या डोक्यात मात्र नाटकभर तेच घोळत राहिलं. घरी आल्यावर जुने कायदे उघडून बसलो.

आपल्या भागात गाडी तपासणं म्हणजे बहुतेक वेळा दारू. गडचिरोलीत लोकांच्या आंदोलनानंतर १९९३ मध्ये दारूबंदी झाली. गोंदियात ती नाही. इटियाडोहचं पाणी कालव्यानं दोन्हीकडच्या धानाला जातं, पण दुकान इकडं उघडं, तिकडं बंद. वर्धा १९७५ पासून कोरडा. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. त्या सहा वर्षांत विदर्भातल्या किती डिक्क्या उघडल्या गेल्या असतील, देव जाणे.

या तपासणीमागचा मुख्य कायदा १९४९ चा, मुंबई दारूबंदी कायदा. आता त्याच्या नावात मुंबईऐवजी महाराष्ट्र आहे. त्याआधी आपल्याकडे सी.पी. अँड बेरारचा १९३८ चा दारूबंदी कायदा होता, कारण आपण तेव्हा मुंबई राज्यात नव्हतोच. १९४९ च्या कायद्याचं कलम १२१ वाचा. पोलीस किंवा उत्पादन शुल्कचा अधिकारी कुठलंही वाहन थांबवून त्यात मादक पदार्थ, मोहफुलं, गूळ काढल्यावर उरणारी मळी शोधू शकतो. हो, मोहफुलंसुद्धा! उन्हाळ्यात पहाटे उठून टोपलीभर मोह वेचणाऱ्या आपल्या आयाबायांचं पोट ज्यावर चालतं, ते फूल या कलमात दारूच्या रांगेत बसवलंय. २०२१ मध्ये सरकारनं मोहफुलं गोळा करणं, साठवणं, नेणं यावरची बंधनं सैल केली, पण त्याआधीच्या कितीतरी वर्षांत सायकलवरची पोतीही संशयानंच पाहिली गेली.

या कलमात गाडीवाल्याची संमती कुठं आहे? कुठंच नाही.

गंमत म्हणजे अमेरिकेतही ही गोष्ट दारूबंदीतूनच सुरू झाली. डिसेंबर १९२१ मध्ये मिशिगन राज्यात कॅरोल नावाच्या माणसाची गाडी अधिकाऱ्यांनी अडवली, गादी फाडली, तर आत व्हिस्की आणि जिनच्या ६८ बाटल्या. वॉरंट नव्हतं. १९२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की घर जागेवर राहतं, गाडी पळून जाते. सबळ कारण असेल तर वॉरंटशिवाय झडती चालेल. आणि सबळ कारणही नसेल तर? तिथं पोलीस विचारतात, "बघू का?" १९७३ च्या श्नेकलॉथ खटल्यात कोर्टानं अशी संमती मान्य केली, आणि वर असंही म्हटलं की "तुम्ही नकार देऊ शकता" हे पोलिसांनी आधी सांगायलाच हवं असं नाही. रात्री रस्त्यावर वर्दीतल्या माणसाला दिलेला होकार किती मोकळा असतो, यावर तिथं आजही भांडण चालू आहे.

आपल्याकडे रस्ता वेगळा. १८९८ च्या फौजदारी संहितेत 'जागा' या शब्दात घर, इमारत, तंबू, जहाज होतं. १९७३ च्या संहितेत त्यात वाहन आलं. म्हणजे गाडीची झडती ही घरासारखीच झडती. कलम १६५ प्रमाणे तपास अधिकाऱ्यानं कारणं आधी लिहायची, कलम १०० प्रमाणे दोन पंच बोलवायचे, यादी करायची आणि नक्कल द्यायची. कागदावर चोख.

पण ते मोडलं तर? १९५४ मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात आठ न्यायमूर्तींनी म्हटलं की अमेरिकेसारखं झडतीविरुद्धचं संरक्षण आपल्या घटनेत नाही. १९७३ च्या पूरणमल निकालानं बेकायदा झडतीत सापडलेला पुरावाही चालतो असं ठरलं. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालानं खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरला, तेव्हा १९५४ ची ती भिंत थोडी ढासळली. अंमली पदार्थांच्या कायद्यात मात्र कलम ५० आहे: अंगझडतीआधी, राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती घेण्याचा तुमचा हक्क आहे, हे सांगावंच लागतं. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते काटेकोर पाळायला लावलं. पण ते अंगाला लागू, गाडीला आणि पिशवीला नाही.

१ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं, मोबाईलवर केलं तरी चालेल, आणि ते विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं. माझ्या मते गेल्या शंभर वर्षांत झडतीच्या कायद्यात झालेला हा सगळ्यात कामाचा बदल.

हे सगळं मामांना सांगितलं. म्हटलं, दारूचा संशय असता तर नाही म्हणूनही उघडावीच लागली असती. मामा म्हणाले, "मंग विचारते कायले?"

उत्तर सोपं आहे. तुम्ही "हो" म्हटलं की ती झडती राहत नाही, तुमची मेहेरबानी होते. कारण लिहायला नको, पंच नको, यादी नको. आमच्या डिक्कीत चिवडा होता म्हणून काही बिघडलं नाही. पण तुमच्या गाडीतून काही काढून नेत असतील, तर शांतपणे दोनच गोष्टी मागा: चित्रीकरण चालू आहे का ते, आणि जप्तीच्या यादीची नक्कल. वाद घालू नका, गाडी पळवू नका. नक्कल मिळाली की घडी करून आरसी बुकात ठेवा.