बोटभर मासा, झऱ्याचं पाणी



पऱ्हाटीची फवारणी आटोपली की पंप धुवायला आपले पाय आपोआप नाल्याकडे वळतात. पाणी जवळ असतं, काम लवकर होतं. पण थोड्या वेळानं त्याच पाण्यात बारीक मासोळ्या उलट्या होऊन तरंगताना तुम्ही पाहिल्या असतील. “मासोळ्याच त्या, त्यांचं काय एवढं?” असं आपण म्हणतो. म्हणून आज अशाच एका बारीक माशाचा इतिहास सांगतो.

हा मासा आपल्या नेरचा नव्हे. तो सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या आंबोलीचा. तिथं डोंगराच्या पोटातून झरा निघतो, झऱ्याजवळ देऊळ आहे आणि पाणी साठायला कुंड आहे. हिरण्यकेशी नदीचा उगम तो हाच. ही नदी पुढे आजरा, गडहिंग्लजकडून वाहत जाऊन घटप्रभेला मिळते. हिरण्यकेशी म्हणजे सोन्यासारख्या केसांची.

आपल्याकडच्या माशांची नोंद तशी जुनी आहे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खनच्या माशांवरचा निबंध १८४१ मध्ये छापला. डॉ. फ्रान्सिस डे यांनी १८७२ मध्ये पुण्याकडच्या एका लहान माशाची नोंद केली. तो आपल्या गोष्टीतल्या माशाच्याच कुळातला. पण आंबोलीचा मासा मात्र कोणाच्याच वहीत चढला नाही. यात्रेकरू येत होते, पाणी पिऊन जात होते, आणि मासा तळाच्या दगडगोट्यांत आपला राहत होता.

शेवटी २०२० मध्ये तेजस ठाकरे, जयसिंहन प्रवीणराज आणि एस. बालसुब्रमण्यम यांनी ही जात नवी असल्याचं जगापुढे मांडलं. नदीवरूनच तिला ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ असं नाव मिळालं. मासा बोटभरही लांब नाही. तोंडाशी बारीक मिशा आहेत. त्याला स्वच्छ, वाहतं आणि प्राणवायूनं भरलेलं पाणी लागतं.

असा मासा मोजक्याच पाण्यात राहतो. ते पाणी बिघडलं तर त्याला जायला दुसरी जागा नाही. म्हणून शासनानं २०२१ मध्ये आंबोलीची २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. बोटभर माशासाठी पाच एकरांवर जागा राखली गेली!

कायदा नव्हता तेव्हाही लोक पाणी राखत. महाड तालुक्यात वाळणकोंडीचे मासे देवीचे समजतात, त्यांना कोणी धरत नाही. अशा श्रद्धेनं कितीतरी डोह वाचले.

आता आपल्याकडे या. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्याकडे साधारण हजाराच्या आत. म्हणजे आपला झिरा अन् आपला डोह आंबोलीच्या झऱ्याहून जास्त मोलाचा. नाल्याचं पाणी मुरून आपल्याच विहिरीत येतं, तेच ढोरं पितात. सायपरमेथ्रिनसारखी औषधं माशांना अगदी थोडीही घातक ठरतात. अन् माणसाचं काय होतं, ते २०१७ च्या खरिपात आपल्या जिल्ह्यानं भोगलं आहे. फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली. नाल्यातली मासोळी मेली, तर ती आपल्याला इशाराच देऊन जाते.

तेव्हा एवढं करा :

१. पंप नाल्यात किंवा विहिरीवर धुऊ नका. धुतलेलं पाणी त्याच शेतातल्या पिकावर फवारून टाका.

२. औषधाच्या रिकाम्या बाटल्या, डबे पाण्यात फेकू नका. घरात वापरायला तर मुळीच घेऊ नका.

३. मासे धरण्यासाठी डोहात औषध किंवा ब्लीचिंग पावडर टाकू नका.

४. नाल्याकाठच्या धुऱ्यावर गवताचा पट्टा राहू द्या. माती अन् औषध तिथंच अडतं.

५. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तिच्यात आपले झिरे, डोह आणि मासोळ्यांची गावातली नावं लिहून घ्या. म्हाताऱ्या माणसांना आधी विचारा, त्यांना ती तोंडपाठ असतात.

आंबोलीचा मासा वहीत चढायला २०२० साल उजाडलं. आपल्या नाल्यातल्या मासोळ्यांची नोंद त्या मरायच्या आधी व्हावी, एवढंच सांगणं.